दोघे जागे असलेली रात्र

दिवाळी अंकात नाताळच्या गाण्याविषयी लेख वाचून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. 'माझे आवडते गीत' या विषयावर लिहा असे संपादकांनी कळवले, तेव्हा माझ्याकडून एखाद्या अभंगाची, फार तर एखाद्या भावगीताची अपेक्षा असणार. मी मराठीचा शिक्षक. निपाणीत वाढलो, पदवीपर्यंत अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकलो, एम. ए. कोल्हापूरला केले आणि नोकरीची सारी वर्षे बेळगावात काढली. घर माळकरी. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षे जे गाणे मनातून हलले नाही, ते 'सायलेंट नाइट' या नावाने जगाला ठाऊक असलेले नाताळगीत आहे. ते मला का आवडते याचा विचार करताना जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे. भूमिका भाविकाची नाही, वाचकाची आहे.

बेळगावात राहणाऱ्याला हे गाणे मुद्दाम शोधावे लागत नाही. दिवाळीचे आकाशकंदील उतरून महिना-दीड महिना होतो न होतो, तोच कॅम्पातल्या घरांवर चांदण्या लागतात आणि संध्याकाळी कुठून तरी ही चाल कानावर येते. मी ती इंग्रजीत ऐकली, कोकणीत ऐकली, मराठीत ऐकली; पण पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकली ती कन्नडमध्ये. आमच्या एक सहकारी बाई शाळेच्या पेटीवर ते गाणे गुणगुणत होत्या. मी विचारले, "बाई, हा पाळणा कुठला?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही बरोबर ओळखलंत. पाळणाच आहे. पण तुमचाही नाही आणि आमचाही नाही. लांबचा आहे."

किती लांबचा, ते पुढे वाचनातून कळले. हे गाणे ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या लहानशा गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी पहिल्यांदा गायले गेले. शब्द योझेफ मोर या तरुण साहाय्यक धर्मगुरूचे. ते त्याने दोन वर्षे आधी, १८१६ मध्ये, मारियाफार या डोंगरातल्या गावी असताना लिहिले होते. चाल फ्रांत्स झावेर ग्रूबर याची. हा ग्रूबर शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचा शाळामास्तर. शाळा सांभाळायची आणि ओबर्नडॉर्फच्या देवळात ऑर्गन वाजवायचा, अशी त्याची दुहेरी नोकरी. त्या दिवशी मोरने कविता त्याच्या हाती दिली आणि दोन आवाजांसाठी, गिटारच्या साथीने गाता येईल अशी चाल मागितली. मास्तरांनी ती त्याच दिवशी करून दिली आणि रात्री दोघांनी मिळून गाणे म्हटले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी गोष्ट सांगतात. ती मागाहून रचलेली आहे. एका मुख्याध्यापकाला या हकिकतीत जे आवडायचे ते मला आवडलेच. जगातले बहुधा सर्वांत जास्त गायले जाणारे हे गीत एका खेड्यातल्या मास्तराने एका दिवसात बांधले.

पण मला खरे थांबवले ते वेगळ्याच माहितीने. ओबर्नडॉर्फ हे मुळात स्वतंत्र गाव नव्हतेच. साल्झाख नदीच्या एका काठावर लाउफेन हे जुने शहर आणि पलीकडच्या काठावर त्याचेच उपनगर ओबर्नडॉर्फ. दोन्हीकडचे लोक एका बोलीचे, एका नात्यागोत्याचे, नदीवरच्या मिठाच्या नावांवर जगणारे. नेपोलियनच्या युद्धांत साल्झबुर्ग प्रांताचा धनी पुन्हा पुन्हा बदलत गेला आणि शेवटी १८१६ साली मोठ्या दरबारांनी नकाशा समोर घेऊन नदी हीच सरहद्द ठरवली. लाउफेन बव्हेरियात राहिले, ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात गेले. जुने ग्रामदैवत म्हणावे असे मुख्य देऊळ पलीकडे राहिले. अलीकडच्यांसाठी खलाशांच्या लहान देवळात वेगळी व्यवस्था करावी लागली. त्याच देवळात मोर १८१७ मध्ये नेमणुकीवर आला आणि त्याच देवळात हे गाणे जन्मले.

निपाणीच्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आमचे घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात. सकाळी वह्या काखेत मारून आम्ही चालत दुसऱ्या राज्यात जात असू आणि दुपारी भाकरीला परत येत असू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जे केले, त्याचे पुढचे तपशील, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सारे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. ओबर्नडॉर्फला भाषेचा प्रश्न नव्हता. आपला प्रश्न मुळात भाषेचाच आहे. पण रेघ ओढून झाल्यावर उरलेली माणसे रात्री कशी झोपतात, हे दोन्हीकडे विचारता येते. हे गाणे त्या प्रश्नाच्या फार जवळ उभे आहे.

आता कवितेकडे वळू. मूळ जर्मन कवितेची सहा कडवी आहेत. आज गातात ती त्यांतली तीन: पहिले, दुसरे आणि सहावे. पहिल्या कडव्यात रात्रीचे चित्र आहे. सगळे झोपलेले आहेत. एकच जोडपे तेवढे जागे आहे, आणि कुरळ्या केसांच्या बाळाला ते निजवते आहे. मोरने एवढेच सांगितले आहे. देवदूतांचे थवे नाहीत, राजे नाहीत, सोने-ऊद नाही. एखाद्या कुणबी घरात दिसावे तसे हे दृश्य आहे.

आपल्याकडच्या बहुतेकांना हे गाणे भेटते ते इंग्रजीतून. तो अनुवाद जॉन फ्रीमन यंग या अमेरिकन धर्मगुरूने १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. अनुवाद सुरेल आहे, चालीवर चपखल बसतो. पण त्यात दोन गोष्टी हरवल्या. एक, बाळाचे कुरळे केस. त्या जागी कोमलपणाची दोन विशेषणे आली. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. मूळ कवितेत 'दोघे' जागे आहेत. इंग्रजीत आई आणि बाळ एवढेच उरले. बाप चित्रातून गेला.

अनुवादकाला यमक साधायचे असेल, मात्रा जुळवायच्या असतील. मी त्याला दोष देत नाही. पण मोर कोण होता हे कळल्यावर ही गाळलेली जागा डोळ्यांत सलते. मोरची आई साल्झबुर्गमध्ये विणकाम करून पोट भरणारी गरीब बाई. बाप शिपाई; तो पलटण सोडून पळाला, तशीच ही बाईही त्याने वाऱ्यावर सोडली. मोर अनौरस मूल म्हणून वाढला. देवळातल्या एका गुरूने त्याचा आवाज आणि हुशारी पाहून त्याला शिकवले. अनौरस म्हणून धर्मगुरू होण्यासाठीही त्याला खास परवानगी लागली. अशा मुलाने पुढे पाळणा लिहिला आणि त्यात बापाला जागे ठेवले. हा शब्द त्याने सहज टाकला असेल, असे मला वाटत नाही. १८१६ चे वर्षही तसेच होते. त्याच्या आदल्या वर्षी तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याच्या राखेने युरोपात त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही, पिके बुडाली, भूक पसरली. त्यात युद्धे नुकती संपलेली. अशा रात्री मूल झोपवायचे म्हणजे कुणाला तरी जागे राहावेच लागते.

माझ्यापुरता या गाण्याचा अर्थ इथे आहे. माझी आई विड्या वळत असे. निपाणीत हे घराघरांतले काम. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि जर्दा; हजार विड्यांचा आकडा भरल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे. वडील तंबाखूच्या वखारीतून आले, की जेवून तिच्या शेजारी बसत आणि वळलेल्या विड्या मोजून जुड्या बांधत. आम्ही भावंडे तिथेच, त्या तिखट वासात झोपून जात असू. मध्येच जाग आली तर कंदिलाच्या उजेडात दोघांची बोटे चाललेली दिसत. बोलणे जवळजवळ नसेच. आईने आम्हांला फारशी अंगाई म्हटल्याचे आठवत नाही. तिला वेळ कुठला! पण त्या घरात रात्र शांत होती आणि दोघे जागे होते. मूळ जर्मन कडव्याचा अर्थ वाचला, त्या दिवशी मला हे चित्र आठवले आणि इंग्रजी अनुवादात मला नेहमी काहीतरी उणे का वाटायचे, तेही उमगले.

चालीविषयी थोडे. सहा मात्रांची झुलती लय आहे. आपल्या दादऱ्याच्या कानाला ती परकी वाटत नाही. आज गातात त्या चालीत सर्वांत वरचा सूर आणि सर्वांत खालचा सूर हे दोन्ही शेवटच्या दोन ओळींत येतात. शब्द दोन्ही ओळींत तेच आहेत, 'झोप' एवढेच सांगणारे. पहिल्यांदा ते म्हणताना आवाज सर्वांत वर चढतो आणि दुसऱ्यांदा म्हणताना उतरत उतरत अगदी तळाला येऊन थांबतो. पाळण्याची दोरी ओढून सोडली की तो असाच वर जातो आणि परत येतो. शिवाय पहिल्या 'झोप'मध्ये थोडी विनवणी आहे, दुसऱ्या 'झोप'मध्ये मूल झोपल्याची खात्री. मास्तरांना मुलांची पारख होती.

मराठीत आपण अंगाई आणि पाळणा यांत भेद करतो. अंगाई बाळासाठी. ती एकटीने, हलक्या आवाजात म्हणायची. पाळणा बारशाचा. तो चारचौघींनी मिळून म्हणायचा आणि त्यात जन्मलेल्याची थोरवी जगाला सांगायची. रामजन्माचा, कृष्णजन्माचा, शिवजन्माचा पाळणा हा असा जाहीर असतो. या गाण्यात दोन्ही आहेत. पहिले कडवे निखळ अंगाई आहे. मेंढपाळांना बातमी कळते त्या कडव्यात ते पाळणा होते. घरातून अंगणात, अंगणातून गावात, असे ते जाते. आमच्या बाईंच्या तोंडून ऐकताना मी त्याला पाळणा म्हणालो ते म्हणूनच असावे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ख्रिस्तजन्माचे गाणे मराठीत हवे तर परक्या चालीवरचा अनुवाद कशाला? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले. मोरने आपली कविता लिहिली, त्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधी ही जन्मकथा मराठी ओवीत सांगून झाली होती, आणि तीही एका इंग्रज माणसाने, मराठीची तोंड भरून स्तुती करीत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन, कीर्तन, अभंग ही आपल्या मातीतली रूपे उपासनेत आणली. 'उपासना संगीता'त त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना त्या घरातले मराठी किती घरगुती, किती सकस होते हे सांगायला नको. एवढे असताना उसनी चाल का घ्यावी?

टिळकांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. ज्या भाषेत आपण रडतो, त्या भाषेच्या लयीत देवाशी बोलावे, हे त्यांनी कृतीने दाखवले. पण पाळणा ही गोष्ट थोडी वेगळी आहे. कन्नडमध्ये अंगाईला 'जोगुळ' म्हणतात, आणि बाळाला निजवताना तिकडेही 'जो जो' हाच शब्द आहे. आपणही 'जो जो'च म्हणतो. तो कुणी कुणाकडून घेतला याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञ करोत. आयांनी तो कधी मागितलेला नाही. ओवीची कर्ती कोण हे जसे आपण विचारत नाही, तसेच या गाण्याचेही झाले. झिलरखोऱ्यातल्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेले, १८३९ साली ते न्यूयॉर्कलाही पोचले, आणि लोक त्याला 'टिरोलचे लोकगीत' म्हणू लागले. शेवटी बर्लिनच्या दरबारी वादकांकडून विचारणा झाली तेव्हा, १८५४ मध्ये, म्हाताऱ्या ग्रूबरने कागदावर लिहून दिले की शब्द मोरचे आणि चाल माझी. मोर तोवर गेला होता. १८४८ साली वाग्राइन या डोंगरी गावात तो निष्कांचन वारला. तिथल्या गरिबांच्या मुलांसाठी मात्र शाळा उभारून गेला.

अनुवादाचा खरा प्रश्न चालीचा नसून एका शब्दाचा आहे, असे मला वाटते. गाण्याच्या पहिल्याच शब्दासाठी मराठीत 'शांत' हा शब्द सहज सुचतो. कन्नडमध्येही हाच शब्द आहे. शांत, पवित्र, रात्र हे तिन्ही शब्द दोन्ही भाषांचे आहेत, त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला एका भाषेतला आरंभ दुसरीत न सांगता कळतो. ही मोठी सोय आहे. पण 'शांत' हा शब्द आम्ही मास्तरांनी बिघडवला आहे. वर्गात शिरताना आम्ही म्हणतो, "शांत बसा!" पोलीस ठाण्यात भरते ती 'शांतता समिती'. वर्तमानपत्रात छापून येते ती 'तणावपूर्ण शांतता'. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले, तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो. रस्त्यावर चिटपाखरू नसण्याची शांतता काय असते, ते मला तेव्हाच कळले. ती रात्र कुणी पाळण्यात गाणार नाही.

मोरला अभिप्रेत असलेल्या रात्रीला मराठीत एक चांगला शब्द आहे: निवांत. आई म्हणते, "पोरं झोपली, आता जरा निवांत बसते." या निवांतपणाची आज्ञा देता येत नाही, बंदोबस्त लावून तो मिळत नाही. काम संपलेले नसते, पण कुणाची भीती नसते. माझ्या आईवडिलांची रात्र शांत नव्हती, निवांत होती, असे आता म्हणतो. अनुवाद करायचा झाला तर मी हा शब्द घेईन आणि 'दोघे जागे' एवढे काही सोडणार नाही. मात्रा कमी पडल्या तर विशेषणे सोडीन.

राहिले ते न गायले जाणारे कडवे. मूळ कवितेच्या चौथ्या कडव्यात मोर म्हणतो, की या रात्री पित्याच्या प्रेमाचे सारे बळ ओतले गेले आणि जन्मलेल्याने भाऊ म्हणून जगातल्या सगळ्या लोकांना कवेत घेतले. 'लोक' या अर्थी त्याने वापरलेला शब्द जनसमूहांचा, राष्ट्रांचा आहे. युद्धातून नुकत्याच उठलेल्या, वर्षानुवर्षे हातोहात गेलेल्या प्रांतात, नव्या सरहद्दी आखल्या गेल्या त्याच १८१६ साली लिहिलेले हे कडवे आहे. त्यात बाप पुन्हा येतो आणि भाऊही येतो. नेमके तेच गळले. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर समोरासमोरच्या खंदकांतून जर्मन आणि इंग्रज सैनिकांनी हे गाणे म्हटले आणि काही ठिकाणी बाहेर येऊन हात मिळवले, हे इतिहासात नोंदलेले आहे. युद्ध त्याने थांबले नाही. पुढे चार वर्षे चालले. गाण्याकडून मी ती अपेक्षाही करत नाही.

आणि म्हणून कुणी असे समजू नये, की गाणे गायले की सीमाप्रश्न मिटतो, किंवा भावाभावांत मागणी करू नये असे मी सुचवतो आहे. आपली मागणी न्याय्य आहे आणि ती न्यायालयात आहे. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला तर तिची धग दरवर्षी जूनमध्ये, प्रवेशाच्या वहीवर लागते. पहिल्या बाकावर बसणारी मुले कमी होत जातात, आणि ती सगळी कन्नड शाळेत जातात असेही नाही. बहुतेक इंग्रजीत जातात. पालक भेटले की मी त्यांच्याशी माध्यमावर वाद घालतो, तो माझा धर्मच आहे. पण अलीकडे आणखी एक प्रश्न विचारू लागलो आहे: रात्री मुलाला निजवताना घरात कुठली भाषा असते? बरेच जण क्षणभर गप्प होतात. कुणी सांगतो, मोबाइलवर गाणे लावून देतो. एका आईने सांगितले, की तिची सासू कन्नड आणि ती मराठी. दोघी आपापल्या भाषेत 'जो जो' करतात आणि पोर दोन्हींत झोपते. त्या घराची मला काळजी वाटली नाही.

एक लहानसे काम मी हाती घेतले आहे. त्या सहकारी बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्या मूळ सहा कडव्यांचे कन्नड करताहेत आणि मी मराठी. दोघांनाही जर्मन येत नाही, शब्दकोश आणि इंग्रजी गद्य अर्थ समोर ठेवून आम्ही चाचपडतो. चौथ्या कडव्यातल्या 'भाऊ' या शब्दाला दोन्ही भाषांत अडचण आली नाही. पहिल्या कडव्यातल्या 'निवांत'साठी मात्र त्यांना अजून कन्नड शब्द मिळालेला नाही. परवा फोनवर म्हणाल्या, "सर, एवढा शब्द तुमचाच ठेवू का?" मी म्हटले, ठेवा.